कोल्हापूर उद्यमनगरातले डिझेल लाइनवाले मिस्त्री – काम १० पैकी ९, टायमिंग १० पैकी ३

आधीच सांगून ठेवतो, दुकानाचं नाव टाकत नाहीये. मिस्त्रींनीच सांगितलंय, "नाव-बिव नका टाकू सर, हाय ती गिऱ्हाइकं उरकंनात मला." तर नाव नाही. पण कोल्हापुरात शिवाजी उद्यमनगरात जा आणि कुठल्याही लेथवाल्याला विचारा की जुन्या डिझेल गाडीच्या पाइप-नोझलचं (नोझल म्हणजे इंजिनात डिझेलचा फवारा मारणारं तोंड) काम कोण करतं, दोघा-तिघांनी एकाच गल्लीकडे हात केला की तिकडे वळा. आम्ही पण तसेच पोचलो.

गाडी आमची २००३ ची ट्रॅव्हलर, पुढे बिल्ला अजून बजाज टेम्पोचाच आहे, कारण फोर्स मोटर्स हे नाव आलं २००५ मध्ये. इंजिन त्यांचं जुनं, मर्सिडीजच्या ओएम ६१६ या जुन्या डिझेल इंजिनच्या घराण्यातलं, कॉमन रेल (नव्या गाड्यांची कॉम्प्युटरवाली डिझेल सिस्टीम) नाही, कॉम्प्युटर नाही, किल्ली फिरवली की आधी हीटर प्लग तापतात आणि मग ढकढक करत चालू होतं. मी घेतली तेव्हा कंपनीची स्टाफ बस होती, सात वर्षांपूर्वी सीटं काढून आत बेड, सिंक, दोन शेगड्या, खाली पाण्याच्या दोन टाक्या, एक स्वच्छ पाण्याची आणि एक सिंकच्या सांडपाण्याची, असं सगळं बसवून घेतलं. लोक मोटरहोम म्हणतात, आमच्या सोसायटीचे वॉचमनकाका "ती घरवाली गाडी" म्हणतात, आणि बायकोसमोर तसं म्हटलं की त्यांनाच लाजल्यासारखं होतं.

तर प्रॉब्लेम. दोन होते, म्हणजे मला दोन वाटत होते. एक, गाडी उभी असली की खाली कधी कधी ओलं दिसायचं आणि डिझेलचा वास यायचा, पण रोज नाही. आठवडा आठवडा काही नाही आणि मग अचानक एके सकाळी सोसायटीच्या पार्किंगमध्ये इंद्रधनुष्य. त्यात सांडपाण्याची टाकी बरोबर तिथेच वर आहे त्यामुळे निम्म्या वेळा मी समजायचो सिंकचंच पाणी असेल, खाली वाकून बोट लावून वास घेतल्याशिवाय कळायचं नाही. दुसरा प्रॉब्लेम, सकाळी स्टार्ट व्हायला नखरे, आणि घाटात चढावर मध्येच दम सोडायची, रेस दाबलेला असताना गाडी हुंदके देते ना तसं. सपाटीला एकदम व्यवस्थित.

आमच्या इकडच्या एका गॅरेजला दाखवली होती (नाव कशाला). त्यांनी गाडी चालू करून पाच मिनिटं ऐकलं आणि म्हणाले पंप (नोझलला प्रेशरने डिझेल देणारा) वीक झालाय, कॅलिब्रेशन आणि ओव्हरहॉलिंग करावं लागेल, ४२ हजार. गळतीचं काय? तर म्हणे ती किरकोळ आहे, क्लिपा टाइट करून देतो. टाइट केल्या, २०० रुपये घेतले, चार दिवसांनी परत इंद्रधनुष्य. ४२ हजार ऐकून मी घरी आलो आणि दोन महिने विषयच काढला नाही, जे होतंय ते होऊदे म्हटलं. हे चुकलंच माझं, मान्य.

मग डिसेंबरमध्ये तारकर्लीला गेलो. जाताना टाकी फुल होती, कोल्हापूर-राधानगरी करत फोंडा घाट उतरून गेलो, काही त्रास नाही. येताना टाकी निम्म्याच्या खाली, आणि फोंडा घाट चढताना निम्म्यात गाडीने मान टाकली. हँड प्रायमरने, म्हणजे डिझेल ओढायच्या छोट्या हातपंपाने, पंप मारून डिझेलच्या पाइपमधली हवा काढली, चालू झाली, दोन वळणं गेली, परत बंद. असं चार वेळा. शेवटी दाजीपूरच्या बाजूला सपाटी लागली तेव्हा जरा सुधारली आणि रडत खडत कोल्हापूर गाठलं. बायको पूर्ण वेळ एक अक्षर बोलली नाही. ज्यांची लग्नं झालीत त्यांना कळेल हे घाटापेक्षा अवघड असतं.

आता मिस्त्री. वय साठीच्या पुढे, दुकान म्हणजे दहा बाय पंधराची पत्र्याची शेड, बाहेर बोर्डावर अजून "मायको" लिहिलेलं, डिझेलचे पंप-नोझल बनवणाऱ्या मायकोचं नाव २००८ मध्ये बॉश लिमिटेड झालं पण या गल्लीत ते कोणी मानलेलं नाही. आत भिंतीवर नोझलच्या पाइपा टांगलेल्या, वळवलेल्या, वेड्यावाकड्या, किराणा दुकानात वेफर्सच्या माळा लटकवतात तशा. मी सगळी रामकहाणी सांगितली, ४२ हजार पण सांगितले. त्यांनी पंपाकडे बघितलं सुद्धा नाही. विचारलं काय, तर, "टाकी फुल असताना गळतंय का निम्मी असताना?"

मी गप्प. कारण हा प्रश्न मी स्वतःला कधी विचारलाच नव्हता. बायको मागून म्हणाली, "फुल असतानाच. पंपावरून भरून आलो की दुसऱ्या दिवशी वास येतो." आणि घाटात बंद कधी पडते? निम्म्याच्या खाली असताना. मिस्त्री म्हणाले, "मग वैनींनीच काढला की फॉल्ट. एकच भोक हाय."

हे मला समजायला दहा मिनिटं लागली, तुम्हाला पटकन सांगतो कारण या अख्ख्या रिव्ह्यूत कामाची गोष्ट हीच आहे. टाकीपासून पुढे फीड पंपापर्यंतचा (टाकीतून डिझेल ओढून पुढे देणारा छोटा पंप) जो पाइप असतो त्यात डिझेल ढकललं जात नाही, ओढलं जातं, आपण स्ट्रॉने ताक पितो तसं. स्ट्रॉला बारीक भोक असेल तर ताक बाहेर सांडत नाही, हवा आत येते आणि तोंडात फुरफुर होतं. गाडी चालू असताना तेच, भोकातून हवा आत, पंपाला डिझेलबरोबर बुडबुडे, आणि चढावर जास्त डिझेल लागतं म्हणून ओढ पण जास्त, म्हणून घाटातच दम तुटतो. पण गाडी बंद करून उभी केली की ओढ संपली. आता टाकीतली लेव्हल भोकाच्या वर असेल तर डिझेल आपल्या वजनाने बाहेर येणार, टप टप. लेव्हल खाली असेल तर गळणार नाही, उलट पाइपमधलं डिझेल टाकीकडे मागे सरकणार आणि सकाळी स्टार्टरला रडवणार. म्हणजे टाकी फुल असली की गळती, निम्मी असली की हवा. मी दोन वर्षं दोन वेगळे आजार म्हणून घेऊन फिरत होतो.

पण नुसतं बोलून सोडलं नाही त्यांनी, सिद्ध करून दाखवलं, आणि हे मला सगळ्यात आवडलं. पाच लिटरचा कॅन आणला, त्यात स्वच्छ डिझेल, फीड पंपाला येणारा पाइप काढून तिथे एक पारदर्शक नळी लावली आणि तिचं टोक कॅनमध्ये. म्हणजे टाकी आणि पूर्ण लांब पाइप बाजूला, इंजिन थेट कॅनमधून पितंय. हवा काढली, स्टार्ट, आणि पंधरा मिनिटं रेस करून ठेवली. एक हुंदका नाही. पारदर्शक नळीत एक बुडबुडा नाही. मिस्त्री: "पंप चांगला हाय. आणि ह्यो पंप काढायचा म्हणत हुते?" मग परत गाडीचा पाइप जोडला, फक्त मध्ये वीतभर पारदर्शक नळी ठेवली, आणि चालू केल्यावर तिच्यातून बुडबुड्यांची रांग जाताना मी स्वतःच्या डोळ्यांनी बघितली, सोडावॉटरसारखी. या टेस्टला लागला कॅन, नळी आणि अर्धा तास. ४२ हजारवाल्यांकडे कॅन नव्हता का, माहीत नाही.

इथून पुढे मात्र टायमिंगची बोंब सुरू. सकाळी अकराला म्हणाले "दुपारपर्यंत सोडतो". दुपारी एक ते तीन दुकान बंद, शटर अर्धं खाली, आत मिस्त्री बाकड्यावर झोपलेले. तीन वाजता एक ट्रॅक्टरवाला नोझल घेऊन आला, चारला एक पिकअप. गाडीखाली माणूस गेला साडेपाचला. आणि दुसऱ्या दिवशी गाडी मिळाली संध्याकाळी सातला. तर ज्यांना घाई आहे त्यांनी जाऊच नका, सरळ सांगतो. फोन उचलत नाहीत, हात डिझेलने भरलेले असतात हे कारण मला पटतं पण तरी.

काम करायच्या आधी दोन गोष्टी त्यांनी न सांगता केल्या त्याचे मार्क द्यायला हवेत. आतला गॅसचा सिलेंडर बाहेर काढून समोरच्या भिंतीपाशी नेऊन ठेवायला लावला, आणि दोन्ही बॅटऱ्यांची कनेक्शनं काढली, इंजिनची पण आणि घरातल्या लाइट-पंख्याची पण. मोटरहोमवाल्यांनी ही दुसरी बॅटरी लक्षात ठेवून सांगायची, मेकॅनिकला सवय नसते, त्याला वाटतं एक काढली की झालं. डिझेल पेट्रोलसारखं चटकन पेट घेत नाही म्हणून लोक निवांत असतात, पण गरम सायलेन्सरवर ठिबकलं तर ते पण पेटतं, आणि आपल्या डोक्यावर तर प्लायवूड, गाद्या आणि पडदे. आता इतकी काळजी घेतली आणि मग शेजारच्या लेथवरचा एक जण येऊन बिडी पीत गप्पा मारायला लागला, तेव्हा मिस्त्री काही बोलले नाहीत. मीच म्हटलं दादा जरा पलीकडे. एक मार्क तिथे कापला.

भोक शोधणं. टाकीतलं सगळं डिझेल आधी कॅनमध्ये काढलं, कॅन कमी पडले तर समोरून पाण्याचा जार मागून आणला. मग चेसिसला धरून जाणारा स्टीलचा पाइप वायर ब्रशने घासला, फडक्याने कोरडा केला, आणि शाळेतला खडू कुटून त्याची पावडर चोळली. एक टोक बंद केलं आणि दुसरीकडून सायकलच्या पंपाने हळूच हवा मारली, जोरात नाही, "जोरात मारलीसा तर चांगल्या जागा पण फाटत्यात". टाकीजवळ काही नाही. मधल्या जॉइंटला काही नाही. आणि मग सांडपाण्याच्या टाकीच्या वरच्या बाजूला, जिथे डोकं पण जात नाही आणि त्यांच्या पोऱ्याने आरसा आणि मोबाईलची बॅटरी धरून बघितलं, तिथे पांढऱ्या पावडरीवर एक काळा ठिपका. बघता बघता रुपयाएवढा झाला.

कारण काय, तर सांडपाण्याची टाकी बसवताना कन्व्हर्जनवाल्यांनी (ज्यांनी बसचं घर करून दिलं त्यांनी) जो लोखंडी अँगल मारला होता त्याची कडा थेट डिझेलच्या पाइपवर टेकलेली. मध्ये रबर नाही, क्लिप नाही, काही नाही. सात वर्षं प्रत्येक खड्ड्याला तो अँगल पाइपवर कानस घासल्यासारखा घासत होता, त्यात टाकीचं पाणी, कोकणातली खारट हवा, मध्ये अडकलेला चिखल, गंज. पाइप कापून तो चार इंचाचा तुकडा त्यांनी माझ्या हातात दिला. एका बाजूला घासून सपाट झालेला, चमकतोय चांदीसारखा, आणि त्या चकाकीच्या मधोमध भोक, मोहरीपेक्षा लहान. एका टोकाला बोट लावून दुसरीकडून फुंकलं तर गालाला गार लागतं. तो तुकडा मी जपून ठेवलाय, कन्व्हर्जनवाल्यांना दाखवायचाय एकदा, त्यांनी अजून फोन घेतलेला नाही.

मी आपलं शहाणपण काढलं, म्हटलं तांब्याचा पाइप टाका ना, गंजणार नाही, वळायला पण सोपा. तर म्हणाले नको, तांबं डिझेलला लागलं की डिझेल खराब व्हायला लागतं, चिकटा धरतो, आणि थरथरीनं तांबं कडक होऊन तडकतं पण. स्टीलच टाकला. आणि नुसता मधला तुकडा कापून दोन्हीकडे रबर जोडून देणं हे अर्ध्या तासात झालं असतं, मी तर तेच करा म्हणत होतो, पण त्यांनी टाकीपासून मधल्या जॉइंटपर्यंतचा सगळा पाइप नवा वळवून घेतला, जुना शेजारी ठेवून, बघून बघून, हाताने. अँगलपासून दोन बोटं लांबून नेला, दर फूट-सव्वा फुटावर रबर लावलेली क्लिप. टोकांना कडं काढलं, म्हणजे वर रबरी होज चढवल्यावर सरकून निघत नाही.

होजबद्दल एक सांगतो, हे सगळ्या जुन्या डिझेलवाल्यांनी वाचा. माझ्या गाडीला टाकीपाशी जो रबरी तुकडा होता तो बाहेरून धडधाकट दिसत होता, क्लिप काढून वाकवला तर कडेला भेगाच भेगा. आणि इंजिनवर नोझलच्या डोक्यावरून रिटर्नचे (उरलेलं डिझेल परत नेणारे) जे बारीक कापडी वेष्टनाचे पाइप जातात ते तर बोटाने दाबले तर सुतळीसारखे सुटले. ते पण सगळे बदलले. मिस्त्रींचं म्हणणं नवीन डिझेल आल्यापासून जुनी रबरं जास्त जातात. यात तथ्य आहे, एप्रिल २०२० पासून देशभर बीएस-६ चं डिझेल आलं, त्यात सल्फर फक्त १० पीपीएम, आणि सल्फर काढायच्या प्रोसेसमध्ये डिझेलमधले काही बाकीचे घटक पण कमी होतात ज्यांच्यामुळे जुन्या प्रकारचं रबर फुगून घट्ट बसलेलं असायचं, ते आकसतं आणि मग जॉइंटला पाझर सुटतो. पण वीस वर्षांचं रबर कुठल्याही डिझेलला जाणारच ना. होज घेताना पाण्याचा किंवा हवेचा पाइप घेऊ नका, दुकानदार "चालतंय की" म्हणतो, नाही चालत, आतून फुगतो आणि सोलटतो. डिझेलचाच मागा. क्लिप आवळताना पण, रबर क्लिपच्या फटींतून वर फुगून यायला लागलं म्हणजे जास्त झालं. माझ्या त्या २०० रुपयेवाल्यांनी तेच केलं होतं, क्लिपने रबर कापत आणलं होतं.

बँजो बोल्टचे (पाइप जोडायचे आतून पोकळ बोल्ट) तांब्याचे वॉशर सगळे नवे टाकले. जुने भट्टीत लाल करून परत वापरतात काही लोक, ते पण चालतं म्हणे, पण नव्याची किंमत इतकी कमी आहे की कशाला. इथे मी विचारलं, मगाशी तांबं नको म्हणालात आणि आता वॉशर तांब्याचे? मिस्त्रींनी माझ्याकडे असं बघितलं की मी चहा आणायला गेलो. (उत्तर नंतर मिळालं, इवलीशी चकती आणि चार फुटाचा पाइप यात फरक आहे की नाही.)

आणि एक धोक्याचं. पंपापासून नोझलकडे जाणाऱ्या ज्या स्टीलच्या जाड पाइपा असतात, त्या गळत असतील तर गाडी चालू असताना हाताने चाचपायच्या नाहीत. तिथे प्रेशर शंभर बारच्या वर असतं, बारीक फवारा कातडीतून आत घुसतो, दिसतं टाचणी टोचल्यासारखं आणि नंतर हाताचं ऑपरेशन करायची वेळ येते. मिस्त्रींचा पोऱ्या पुठ्ठ्याचा तुकडा धरून बघत होता, मला वाटलं हात घाण होऊ नये म्हणून. तर त्यासाठी.

रात्र आम्ही गाडीतच काढली, दुकानाच्या दारात. हॉटेल घ्यावं म्हटलं तर बायको म्हणाली घर असताना हॉटेल कशाला, आणि हे घाटानंतरचं तिचं पहिलं लांब वाक्य होतं म्हणून मी लगेच हो म्हटलं. गाडीखाली ठोकळे, पुढची दोन चाकं वर, त्यामुळे बेडला उतार, रात्रभर मी पायाकडे घसरत होतो. सिलेंडर बाहेर म्हणून चहा पण नाही, बॅटरी काढलेली म्हणून पंखा नाही, फक्त डिझेलचा वास आणि डास. सकाळी सातला शेजारचा लेथ चालू झाला तेव्हा मिसळ खायला उठून गेलो, ती मात्र भारी होती.

दुसऱ्या दिवशी जोडाजोडी. डिझेल कापडातून गाळून परत टाकीत, फिल्टर नवा, मग फिल्टरवरचा स्क्रू ढिला करून हँड प्रायमर मारत बसायचं, आधी फेस येतो, मग फेस आणि डिझेल, मग सलग डिझेल, मग चालू हातानेच स्क्रू आवळायचा. मला मारायला दिला त्यांनी, म्हणाले रस्त्यात तुम्हालाच लागणार. तिसऱ्या सेल्फला गाडी लागली. पारदर्शक नळी अजून काढलेली नव्हती, तिघं वाकून बघत उभे, एक बुडबुडा गेला, दोन गेले, आणि मग नळी स्वच्छ. टाकी फुल करून आणायला लावली आणि दोन तास खाली वर्तमानपत्र अंथरून गाडी उभी ठेवली. पेपर कोरडा. तेव्हाच पैसे घेतले.

बिल. पाइप, होज, रिटर्नचे पाइप, क्लिपा, वॉशर, फिल्टर, मजुरी सगळं धरून ५ हजार ४००. बिल म्हणजे वहीचा फाडलेला कागद, त्यावर पेन्सिलने आकडे, "पाइप" च्या पुढे नुसती टिकली. पक्कं बिल मागितलं तर पोऱ्या हसला. ज्यांना कंपनीत बिल लावायचं असतं त्यांनी आधी बोलून घ्या. कार्ड नाही, यूपीआय आहे पण तो क्यूआर मुलाच्या नावाचा आहे आणि मुलगा फोन करून "आले का पैसे" हे कन्फर्म करेपर्यंत तुम्ही जागचे हलायचं नाही.

निघताना मी विचारलं, वाटेत परत गळायला लागलं तर? डॅशबोर्डवर अंगाच्या साबणाची अर्धी वडी ठेवली त्यांनी. कोरड्या फडक्याने पुसून भोकावर साबण दाबून चोळायचा, डिझेलमध्ये साबण विरघळत नाही, गॅरेजपर्यंत पोचवतो. त्यावर सायकलच्या ट्यूबची पट्टी करकचून गुंडाळायची. "पण तेवढ्यावर पुण्याला जाऊ नका हां."

अपडेट, तीन महिन्यांनंतर: वरंध घाट, आंबोली, परत फोंडा, तिन्ही निम्म्या टाकीवर मुद्दाम चढवली, एकदाही बंद नाही. सकाळी पहिल्या सेल्फला लागते. पार्किंगमध्ये पुठ्ठा टाकून ठेवला होता महिनाभर, कोरडा. रिटर्नच्या एका बारीक पाइपला नोझलवर किंचित ओलावा दिसतोय, पाडव्यानंतर तिकडे जाणारच आहोत तेव्हा दाखवीन, म्हणजे एक दिवसाचं काम धरून दोन दिवसांची सुट्टी टाकलीये. गाद्यांची कव्हरं दोनदा धुतली, वास गेला. पडद्यांचा नाही गेला, ते बदलावे लागणार असं दिसतंय आणि त्याचं बिल ५ हजार ४०० च्या वर जाणार आहे, कापड बायकोने आधीच पसंत केलंय.